घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

हाडकुळा घोडा दारात बांधलेला असला की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. एक म्हणतो, हरभरा वाढवा. दुसरा म्हणतो, रोज पावशेर गूळ चारा. तिसरा हळूच कानात सांगतो, आठवडाभर तूप पाजा, मग बघा कसा चकाकतो ते. माझ्या ओळखीतल्या एका वरातीच्या घोडीवर हे तिन्ही उपाय एकाच महिन्यात झाले. महिनाअखेरीस घोडी होती तशीच होती. वर एका रात्री पोटशूळ उठून ती लोळायला लागली आणि डॉक्टरांना पहाटे तीनला उठवावं लागलं. डॉक्टरांनी पोट सावरलं, मग तोंडात बॅटरी मारून पाहिलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या आणि गालाला आतून जखमा होत्या. घोडीला खायला कमी नव्हतं, तिला चावता येत नव्हतं.

घोडा अंग धरत नाही म्हटल्यावर आपला हात आधी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्याकडे जातो. खरं तर तिथं हात सगळ्यात शेवटी जायला हवा. का, ते या लेखात सांगतो.

आधी घोडा खरंच रोड आहे का, ते पाहू. डोळ्यांवर फार विसंबू नका. थंडीतले दाट केस बरगड्या झाकतात, आणि मोठं पोट पाहून ‘खाऊन-पिऊन सुखी आहे’ असं वाटतं. पोट मोठं आणि बरगड्या दिसतायत, असा घोडा बहुतेकदा निकृष्ट वैरणीवर किंवा जंतांवर जगत असतो. त्याच्या पोटात फुगलेलं चिपाड असतं, अंगावर मांस नसतं. म्हणून हात लावून बघायचं. डॉन हेनेकी या अमेरिकन संशोधकाने टेक्सासमध्ये केलेल्या कामातून १९८३ मध्ये एक मोजपट्टी आली, ती आज जगभर वापरतात. मान, खोगिराच्या पुढचा खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा खळगा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा चाचपायच्या आणि १ ते ९ मध्ये गुण द्यायचे. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा. बरगडी दिसत नाही, पण हात फिरवला की सहज लागते, तो घोडा ५. बहुतेक घोड्यांसाठी ५ हीच चांगली जागा. शर्यतीचा घोडा थोडा खाली असला तरी चालतं. मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याची ठेवणच सडपातळ असते, त्याला ओढूनताणून गुबगुबीत करायच्या भानगडीत पडू नये.

वजनकाटा कोणाच्या तबेल्यात नसतो, पण शिंप्याची टेप असते. कोपरांच्या मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५५ आणि लांबी १४० आली तर उत्तर २८३ किलो. थोडंफार इकडेतिकडे होईल, पण दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसाने टेप लावली तर वजन चढतंय की उतरतंय ते चुकत नाही. पुढचे सगळे हिशेब मी याच २८३ किलोच्या घोड्याचे करतो. आपल्याकडच्या डोंगरावर सवारी देणाऱ्या बुटक्या, काटक घोड्याचं वजन साधारण याच्या आसपास असतं.

आता रोडपणाचं कारण. दातांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. माणसाचा दात एकदा आला की आला. घोड्याची दाढ आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहते, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि गवत दळून दळून तेवढीच झिजते. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड घासलीच जात नाही. तिथं धार येते. ती गालाला आणि जिभेला कापते. मग घोडा गवत तोंडात घेतो, चार वेळा चघळतो आणि ओला गोळा खाली टाकतो. गव्हाणीपाशी असे गोळे दिसले, लिदीत अख्खे दाणे दिसले, घोडा मान तिरकी करून एकाच बाजूने चावू लागला, तर चंदी वाढवून काही उपयोग नाही. डॉक्टर कानशीने त्या कडा घासून देतात. वर्षातून एकदा तोंड तपासून घेतलं की पुरतं. विशी ओलांडलेल्या घोड्याची गोष्ट निराळी, त्याच्या दाढा झिजून संपतच आलेल्या असतात. त्याला वैरण बारीक कुट्टी करून, भिजवून द्यावी लागते.

मग जंत. इथं एक जुनी खोड आहे, दर दोन महिन्यांनी डोळे झाकून जंताचं औषध पाजायचं. त्याने जंत औषधाला सरावतात. ताजी लीद तपासायला द्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजून घ्यायची आणि मग डॉक्टर सांगतील ते औषध, अंगाच्या वजनाप्रमाणे. टेपने काढलेलं वजन इथंही उपयोगी पडतं, अंदाजाने दिलेला डोस बहुतेक वेळा कमीच असतो.

घोडा चांगलं खातो, तरी वाळत चाललाय, मधूनच ताप येतो-जातो, पोटाखाली किंवा पायांवर सूज दिसते, असं असेल तर सर्रा आठवावा. गोमाश्या चावून पसरणारा हा रोग. त्याचा रक्तातला परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबात, घोड्या-उंटांच्या रक्तातच पहिल्यांदा पाहिला. म्हणजे हा रोग आपल्या उपखंडाचा जुना पाहुणा आहे, आणि पावसाळ्यानंतर माश्या वाढल्या की हटकून येतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. जठरातले व्रण हेही एक कारण. त्यात घोडा चंदीकडे बघून तोंड फिरवतो आणि वैरण मात्र कुरतडत राहतो. आणि शेवटी साधी गोष्ट, दोन घोडे एकाच गव्हाणीवर असतील तर दांडगा घोडा दुबळ्याला खाऊ देत नाही. तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी, वेगळा बांधला, अंतर ठेवलं, की काही घोडे औषधाशिवायच सुधारतात.

एवढं सगळं तपासून झालं आणि घोडं तिथं कुठंच पेंड खात नाही असं कळलं, की मग खाण्याकडे वळायचं. पण त्याआधी घोड्याच्या पोटात डोकावायला हवं, कारण बहुतेक चुका घोड्याला गाय समजल्याने होतात.

गाय आणि घोडा दोघंही गवत खातात. गवतातला चोथा पचवायचं काम दोघांच्याही पोटातले सूक्ष्मजीव करतात. फरक एवढाच की गाईची आंबवणीची टाकी पुढे आहे, घोड्याची मागे. गाय आधी आंबवते, मग पचवते. घोड्याच्या बाबतीत अन्न आधी जठरात आणि लहान आतड्यात जातं, आणि तिथं जे पचलं नाही ते मागच्या मोठ्या आतड्यात आंबायला जातं. घोड्याचं जठर आकारमानाच्या मानाने अगदीच चिमुकलं. ५०० किलोच्या मोठ्या घोड्याचंही ८ ते १५ लिटरचं, म्हणजे घरातल्या बादलीएवढं. मागच्या आतड्यात मात्र सगळ्या पोटातली निम्म्याहून जास्त जागा आहे. कोट्यवधी जिवाणू तिथं बसून गवताच्या धाग्यांपासून आम्लं तयार करतात. ती रक्तात जातात आणि घोड्याला ताकद देतात. गवत खाऊन घोडा धावतो तो या जिवाणूंच्या जिवावर.

आता या घोड्याला एका वेळी तीन किलो हरभरा आणि जव घाला. चिमुकलं जठर भरतं, माल पुढे ढकलला जातो. लहान आतड्याला एवढा स्टार्च पचवायला वेळच मिळत नाही. उरलेला स्टार्च थेट मागच्या टाकीत पडतो. तिथं स्टार्चवर तुटून पडणारे जिवाणू वाढतात, लॅक्टिक आम्ल बनतं, टाकी आंबट होते आणि गवत पचवणारे जिवाणू मरायला लागतात. मरताना ते विषारी द्रव्यं सोडतात. पुढचं सगळ्या घोडेवाल्यांना ठाऊक आहे: पोटशूळ, किंवा खुराच्या आतल्या थरांना सूज येऊन होणारा लॅमिनायटिस, ज्यात घोडा पुढचे पाय पुढे टाकून, मागच्यांवर भार देऊन उभा राहतो. घोड्याला उलटी करता येत नाही हेही ध्यानात घ्या. आत गेलेली चूक बाहेर यायचा तो रस्ता बंद आहे.

दुसरी गोष्ट, घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्याला मोडते ती लाळ. आणि घोड्याची लाळ सुटते फक्त चघळताना. एक किलो वाळलं गवत खायला त्याला ४० मिनिटांच्या आसपास लागतात. एक किलो दाणा तो दहाएक मिनिटांत संपवतो. म्हणजे वैरण कमी करून दाणा वाढवला की चघळणं घटतं, लाळ घटते आणि जठराला भोकं पडायची तयारी सुरू होते. सकाळी रिकाम्या पोटी खोगीर चढवणं हेही त्यातलंच. पळताना रिकाम्या जठरातलं आम्ल वर उसळतं. निघण्याआधी अर्धा-एक किलो गवत पोटात गेलेलं बरं.

तेव्हा वजन वाढवायचा पहिला मार्ग म्हणजे वैरण. ती किती द्यायची? घोड्याच्या वजनाच्या शंभर किलोमागे रोज किमान दीड किलो कोरडी वैरण. वजन वाढवायचं तर दोन ते अडीच किलो. आपल्या २८३ किलोच्या घोड्याला सहा ते सात किलो. इथं ‘कोरडी’ हा शब्द महत्त्वाचा. ओल्या चाऱ्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. दहा किलो ओला घास घातला आणि समाधानाने घरी गेलात, तर घोड्याच्या पोटात खरा चारा दोन-अडीच किलोच गेलेला असतो. कितीतरी घोडे निव्वळ या गैरसमजामुळे अर्धपोटी राहतात.

वैरणीचा दर्जा हा दुसरा मुद्दा. घोडा रोड आहे आणि समोर नुसता कडबा किंवा भाताचा पेंढा आहे, तर तो दिवसभर चघळून पोट फुगवेल, अंग धरणार नाही. जाड, लाकडासारख्या धाटांत जिवाणूंनाही फारसं काही मिळत नाही. हिरवी ज्वारी घोड्याला टाळावीच. कोवळ्या धाटांत सायनाइडचं विष असतं आणि नेहमी खाणाऱ्या घोड्यांच्या मूत्राशयावर आणि मागच्या पायांवर परिणाम झालेला दिसतो. फुलावर येण्याआधी कापून सावलीत वाळवलेलं गवत, पाती जास्त आणि काड्या कमी, हे उत्तम. आणि त्याच्या जोडीला लसूण घास, म्हणजे लुसर्न.

लसूण घासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. प्रथिनं भरपूर, १६ ते २० टक्क्यांपर्यंत. ऊर्जा साध्या गवतापेक्षा जास्त. कॅल्शियम तर इतकं की जठरातलं आम्लही थोडं शमतं. आणि स्टार्च नगण्य, म्हणजे मागच्या टाकीला धोका नाही. एकूण वैरणीच्या चौथा ते तिसरा हिस्सा लसूण घास असला की रोड घोड्यात दोन महिन्यांत फरक दिसतो. हल्ली सगळीकडे नेपियर, म्हणजे हत्ती गवत लावलेलं असतं. गाईला ते चालतं. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य मात्र घोड्याच्या पोटात कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडांना मिळू देत नाही. उसाच्या वाढ्यातही हेच. ही दोन्ही घालावी लागत असतील तर लसूण घास किंवा कॅल्शियमचं मिश्रण सोबत हवंच.

वैरणीचं नियोजन ही काही आजची काळजी नाही. १६७४ च्या उन्हाळ्यात, राज्याभिषेक महिन्याभरावर आलेला असताना, शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या जुमलेदार-हवालदारांना जे पत्र लिहिलं त्याचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्या-वैरणीचाच आहे. आता आहे म्हणून मनमानेल तसं चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख आहे. साठ्याचा हिशेब करून रोजचा रतीब नेमून द्यायचा. कोकणातला पावसाळा तेव्हाही तेवढाच लांब होता. आजच्या माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी, बरीचशी माणसं आणि सामान घोड्यावर. अशा ठिकाणी मे महिन्यात वैरण भरून ठेवणं आणि ती कोरडी राखणं हा अर्धा कारभार असतो. बुरशी आलेली वैरण स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. बुरशीचा मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो, आणि तिथून परत येणं नाही.

आता एक आकडेमोड, कारण तिच्यात सगळं गुपित आहे. आपल्या घोड्याला काम न करता नुसतं जगायला रोज साधारण ९,४०० किलोकॅलरी लागतात. मध्यम काम करत असेल तर १३,००० च्या घरात. अंगावर एक किलो वजन चढवायला या सगळ्याच्या वर एकूण सुमारे २०,००० किलोकॅलरी जादा द्याव्या लागतात. हेनेकीच्या पट्टीवर एक गुण वर सरकायला मोठ्या घोड्याला १६ ते २० किलो लागतात, आपल्याला दहाएक पुरतील. दहा किलो म्हणजे दोन लाख किलोकॅलरी. दोन महिन्यांत गाठायचं, तर रोज ३,३०० जादा.

हे ३,३०० कुठून आणायचे? एक किलो जव भरडून घातले की भागतं. पण दुसरा रस्ता बघा. एक किलो वाळलेला लसूण घास, म्हणजे ओला घेतला तर चार-पाच किलो. त्यात सुमारे २,२०० मिळाले. उरलेले १,१०० साध्या १३० मिली तेलात आहेत. दाण्याचा एक कणही न वाढवता हिशेब पुरा. पोटशूळ नाही, लॅमिनायटिस नाही, आणि घोडा उगाच तापून उधळतही नाही. दाण्याच्या स्टार्चवर काही घोडे फार बिथरतात, तेलावर त्या मानाने शांत राहतात.

तेलाचं नवल वाटेल. घोड्याला पित्ताशय नसतं, मग तेल कसं पचणार, असा प्रश्न मलाही पडला होता. पित्ताशय नाही म्हणजे पित्त नाही असं नव्हे. साठवायची पिशवी नाही, यकृतातून पित्त सतत झिरपत असतं. थोडं थोडं तेल त्यात छान पचतं. फक्त सवय लावावी लागते. सुरुवात दोन चमच्यांनी, दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर. शंभर किलो वजनामागे १०० मिलीच्या वर जाऊ नये. लीद पातळ आणि तेलकट झाली की तुम्ही घाई केलीत. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, जवस, कुठलंही खाण्याचं तेल चालतं, खवट नको. तेल बरंच वाढवलं तर ई जीवनसत्त्वाची जोड द्यायला डॉक्टरांना विचारा. तेलात ऊर्जेखेरीज दुसरं काहीच नसतं हेही ध्यानात असू द्या.

तरीही काम करणाऱ्या घोड्याला चंदी लागते, ती बंद करा असं मी म्हणत नाही. एका वेळी घोड्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी द्या. आपल्या घोड्याला तोबऱ्यात एका वेळी सव्वा किलोच्या आत, एक किलो ठेवलेलं उत्तम. जास्त द्यायची वेळ आली तर वेळा वाढवा, माप नको. आणि माप काट्याने करा, डब्याने नको. एक डबा ओट आणि एक डबा मका यांच्या वजनात आणि ऊर्जेत मोठा फरक असतो. ओट सर्वात सोपे पचायला. जव भरडून किंवा शिजवून, अख्खे गिळले तर तसेच लिदीत येतात. हरभरा आणि हुलगा ही आपली जुनी चंदी, प्रथिनांनी चांगली. ती भिजवून, भरडून द्या. कच्ची, कोरडी, घाईने गिळलेली चंदी पोटात जाऊन फुगते. चंदी असो की वैरण, कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा. मागच्या टाकीतल्या जिवाणूंना नव्या मालाची ओळख पटायला तेवढा वेळ लागतो.

गव्हाच्या कोंड्यावर माझा राग आहे. स्वस्त, फुगतो, घोडा आवडीने खातो, म्हणून घमेलंभर घातला जातो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ आठ-दहा पट असतो. घोड्याला गरज उलटी, कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा दुपटीपर्यंत. फॉस्फरस वरचढ झाला की शरीर हाडांतून कॅल्शियम उकरून काढतं. मग हाडं पोकळ होतात, जबडा आणि नाकाची हाडं सुजतात, घोडा कारण नसताना लंगडतो. युरोपात पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना कोंड्यावरच पोसत, म्हणून या आजाराला गिरणीवाल्याचा रोग असं नावच पडलं होतं. मूठभर कोंडा औषध चारायला ठीक. तांदळाच्या कोंड्यात तेल जास्त, म्हणून वजनासाठी तो चांगला, पण फॉस्फरसची अडचण तीच, आणि खवट लवकर होतो. सोबत लसूण घास असू द्या.

जनावरांची गोळी पेंड किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याला कधीही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला आणि गाईला ते सोसतं, घोड्याच्या हृदयाला नाही. थोड्याशा मात्रेत घोडा दगावतो आणि त्यावर उतारा नाही. बाजूच्या गोठ्यात गाई असतील तर पोती वेगळ्या खोलीत, कुलूप लावून.

दूध-तूप-बदामाचं काय? दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत गेलात तर लाखांच्या बोलीचे घोडे आणि त्यांच्या खुराकाच्या कथा दोन्ही ऐकायला मिळतात. त्यातल्या कथा विकायच्या असतात असं मानून चालावं. दूध पचवणारं द्रव्य घोड्याच्या पोटात तीन-चार वर्षांच्या वयानंतर फारसं उरत नाही, बादलीभर दूध त्याला पेलत नाही. तूप म्हणजे शेवटी महागडं तेलच. गुळाचा खडा लाडाने द्या, खुराक म्हणून नको. बदाम तुम्हीच खा. आणि यात्रेत घोडा घेणार असाल तर गुबगुबीत अंगावर भुलू नका. चरबीखाली पायांचे आणि पाठीचे बरेच दोष लपतात.

पाणी आणि मीठ मी थोडक्यात उरकतो, पण विसरू नका. आपल्या घोड्याला थंडीतही रोज पंधरा-वीस लिटर, उन्हाळ्यात कामावर त्याच्या दुपटीने. तहानलेला घोडा कोरडी वैरण खात नाही. शंभर किलोमागे रोज दहा ग्रॅम साधं मीठ, घाम गाळत असेल तर अजून.

उपाशी मरता मरता वाचलेला घोडा, पट्टीवर १ किंवा २ चा, हे वेगळं प्रकरण. तिथं पोटभर खायला घालणं हीच चूक ठरते. दीर्घ उपाशी शरीराला एकदम दाणा किंवा गूळ मिळाला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय साथ सोडतं. वाचवल्यानंतर तिसऱ्या-पाचव्या दिवशी, खायला लागला म्हणून सगळे खूश असताना, घोडा पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी निरनिराळे आहार तपासले, त्यात लसूण घासच सर्वात सुरक्षित ठरला. मोठ्या घोड्याला दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, पहिले तीन दिवस एवढंच. आपल्या घोड्याला ३०० ग्रॅम पुरे. मग दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढ. दाणा पुढचे कित्येक दिवस नको. त्या रात्री त्याची भुकेली नजर बघवत नाही, हे खरं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीतच करा.

एक तक्रार नेहमी येते. बरगड्या झाकल्या, पोट भरलं, पण पाठीचा कणा आणि पुठ्ठे तसेच टोकदार राहिले. ही जागा चरबीची नाही, स्नायूंची आहे. स्नायूला व्यायाम लागतो आणि प्रथिनं लागतात, त्यातही लायसिन नावाचं प्रथिनाचं एक घटकद्रव्य. गवतात आणि दाण्यात ते कमी पडतं. सोयाबीन पेंडीत भरपूर असतं. कच्चं सोयाबीन चालत नाही, त्यातल्या द्रव्याने प्रथिनं पचतच नाहीत. पेंड तयार होताना ती भाजली जाते, म्हणून ती चालते. रोज २०० ते ३०० ग्रॅम, चंदीत मिसळून, आणि सोबत वीस-पंचवीस मिनिटं चढावर हातात धरून चालवणं. सहा ते आठ आठवड्यांत पाठ भरायला लागते. इथं मात्र घोड्याने खरोखरच पेंड खायची असते.